घाई, गरज आणि हिशेब

बाजारात कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये सुटावेत म्हणून चार दुकाने फिरणारी गृहिणी त्याच दुपारी सराफाच्या पेढीवर बसते आणि लेकीच्या दागिन्याच्या मजुरीत पाचशे रुपये अधिक लागले तरी एका शब्दाने हरकत घेत नाही. हा अनुभव आमच्या वाचकांपैकी कोणालाच अपरिचित नसावा. पुरुषवर्गाने यावर हसण्याचे कारण नाही. दाढीच्या पात्यांच्या किमतीवरून दुकानदाराशी वाद घालणारे गृहस्थ नवी मोटारसायकल घेताना तिच्यावर चढविलेल्या शोभेच्या सामानाची किंमत विचारीतसुद्धा नाहीत. पाचशे रुपये हे पाच रुपयांच्या शंभर पट आहेत, हे गणित दोघांनाही येते. तथापि ज्या क्षणी निर्णय घ्यावयाचा असतो त्या क्षणी ते गणित मनापुढे उभे राहत नाही.

डॅनियल कानेमन आणि अमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हीच गोष्ट मोजून दाखविली. त्यांनी लोकांना असा प्रश्न घातला: तुम्ही १२५ डॉलरांचे जाकीट आणि १५ डॉलरांचे गणकयंत्र घ्यावयास गेला आहात. दुकानदार सांगतो की, हेच गणकयंत्र आमच्या दुसऱ्या शाखेत १० डॉलरांना मिळेल. मात्र ती शाखा मोटारीने २० मिनिटांवर आहे. तुम्ही जाल काय? शंभरातील ६८ जणांनी ‘जाऊ’ असे उत्तर दिले. दुसऱ्या गटाला तोच प्रश्न किमती उलट करून विचारला. आता गणकयंत्र १२५ डॉलरांचे आणि दुसऱ्या शाखेत १२० डॉलरांना. या वेळी ‘जाऊ’ म्हणणारे शंभरात २९ निघाले. दोन्ही प्रसंगी वाचणारे डॉलर पाचच, रस्ता तोच आणि खर्ची पडणारी वीस मिनिटेही तीच. ते पाच डॉलर कोणत्या रकमेच्या शेजारी ठेवून पाहिले, एवढाच काय तो फरक.

येथे एका चाणाक्ष वाचकाच्या मनात शंका येईल. प्रभू येशूने मंदिरातील दानपेटीसमोर बसून विधवेच्या दोन टोल्यांची जी थोरवी सांगितली, तीही प्रमाणावरूनच नव्हे काय? शंका रास्त आहे. परंतु प्रभूने त्या टोल्या तिच्या सर्व उपजीविकेशी ताडून पाहिल्या. आपण मात्र वाचलेले पाच रुपये समोरच्या वस्तूच्या किमतीशी ताडतो. आपल्या संसाराशी किंवा त्यापायी गेलेल्या घटकेशी ताडीत नाही. त्यागाचे माप प्रमाणावरून घेणे योग्यच आहे; वाण्याच्या बिलाचे नव्हे.

मनुष्य पैसा आणि वेळ यांविषयी खरोखर कसे निर्णय घेतो, याचा अभ्यास गेल्या पन्नास वर्षांत फार पुढे गेला आहे. कानेमन यांना २००२ साली आणि याच वाटेने गेलेले रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्य पदोपदी स्वतःच्या हिताचा अचूक हिशेब करतो, हे जुन्या अर्थशास्त्राचे गृहीत या मंडळींनी खिळखिळे केले. ख्रिस्तसभेला ही वार्ता नवी नाही. इच्छितो ते आपल्या हातून घडत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच घडते, ही कैफियत संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मांडलीच आहे. संत अगस्तीनही आपल्या आत्मनिवेदनात कबूल करतो की, तरुणपणी शुद्धतेची प्रार्थना करताना ती लगेच फळास येऊ नये अशीच त्याची आतून इच्छा होती. मनुष्य ‘उद्या’च्या आसऱ्याने जगतो, हे संतांनी ओळखले होते. आजच्या अभ्यासकांनी त्यात एका गोष्टीची भर घातली आहे आणि आमच्या मते ती मोलाची आहे. माणूस चुकतो तो पुष्कळदा अंतःकरण वाईट म्हणून नव्हे, तर निर्णयाची घटका वाईट म्हणून. आणि ती घटका कोणाच्या वाट्याला कशी येते हे मोजून पाहता येते.

प्रथम वेळेचे पाहू.

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे प्रॉटेस्टंट पंथाची एक जुनी धर्मविद्येची शाळा आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी तेथील विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. भावी पाळकांना एका इमारतीत बोलावून सांगण्यात आले की, तुम्हांला शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण करावयाचे आहे. काहींना भाषणासाठी चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला दिला, काहींना दुसराच विषय दिला. मग काहींना म्हटले, ‘तुम्हांला उशीर झाला आहे, तिकडे लोक खोळंबले आहेत’. काहींना म्हटले, ‘वेळ झाली आहे, निघा’. आणि काहींना, ‘अजून अवकाश आहे, पण जाऊन बसलात तरी चालेल.’ दोन इमारतींमधील बोळात एक मनुष्य दारापाशी मान खाली घालून बसला होता. विद्यार्थी जवळून जाताच तो खोकला आणि कण्हला. तो अर्थातच प्रयोग करणाऱ्यांनी बसविलेला होता.

ज्यांना अवकाश होता त्यांच्यापैकी शेकडा ६३ जणांनी त्याची काही ना काही विचारपूस केली. ज्यांना वेळेवर निघावयाचे होते त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ४५ होते. ज्यांना उशीर झाला होता त्यांच्यात शेकडा १०. भाषणाचा विषय शोमरोनी माणसाचा असो वा दुसरा, त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अभ्यासकांनी नमूद केले आहे की, दाखल्यावर भाषण करावयास निघालेले काही विद्यार्थी घाईघाईने त्या माणसाला ओलांडून पुढे गेले.

ही हकीकत प्रवचनात सांगितली की श्रोते हसतात, आणि त्यांनी हसावे हे आम्हांस मान्यही आहे. धर्मगुरूवर हसण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. पण यातून त्या तरुणांच्या पाषाणहृदयाचा निवाडा करणे चुकीचे होईल. अभ्यासकांनीही तो केलेला नाही. प्रयोग अवघ्या ४० विद्यार्थ्यांवर झाला, तेव्हा त्याच्यावर मोठा इमला उभारणेही बरे नव्हे. घाईत असलेले विद्यार्थी पलीकडे पोहोचले तेव्हा त्यांच्यापैकी अनेक जण अस्वस्थ दिसत होते. एकीकडे वाट पाहणारी माणसे, दुसरीकडे कण्हणारा माणूस, अशा दोन कर्तव्यांच्या कात्रीत ते सापडले होते. कठोरतेपेक्षा ही कात्रीच त्यांच्या वागण्याचे कारण असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. पहिल्या कर्तव्याला ठरलेली वेळ होती. दुसरे अवचित आले. ज्याला वेळ ठरलेली असते ते जिंकते.

आता संत लूककृत शुभवर्तमानातील मूळ दाखला पुन्हा वाचावा. त्यातील एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. तो शोमरोनी मनुष्यही रिकामटेकडा नव्हता. तोही प्रवासालाच निघाला होता. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले आणि ती रात्र त्याच्या शुश्रूषेत घालविली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन दीनार ठेवून, अधिक लागले तर परत येताना देईन असे सांगून तो आपल्या मार्गाला लागला. द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून दिसते की दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एक रात्र आणि दोन दिवसांची मजुरी एवढे त्याने दिले, आणि प्रवासही सोडला नाही. याजक आणि लेवी यांच्याजवळही कदाचित दोन दीनार असतील. थांबण्यासाठी लागणारी सैल घटका त्यांच्या दिवसात नव्हती, किंवा असूनही त्यांना ती दिसली नाही.

आमच्या घरांतील दिवस आज कसा शिवलेला असतो? सकाळी शाळेची बस, मग कारखान्याची वा कचेरीची पाळी, संध्याकाळी मुलांची शिकवणी; आणि उरलेली जी पाच-दहा मिनिटांची तुकडेवजा फुरसत, ती मोबाईलच्या पडद्याने गिळलेली. आजारी शेजाऱ्याकडे डोकावण्याचे मनात असते, पण त्याला वेळ नेमून दिलेली नसते. मनात असलेल्या गोष्टीला वार व तास न दिला तर ती वर्षभर मनातच राहते. रविवार आणि देवदूताच्या प्रार्थनेची घंटा ही जुनी व्यवस्था त्यासाठीच होती. मन लागो न लागो, घंटा वाजली की हातातले काम खाली ठेवले जाई.

वेळेवर पैशाचा दंड बसविला की काय होते, याचेही एक नमुनेदार उदाहरण आहे. इस्राएलमधील हैफा शहरातील १० बालवाड्यांचा अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यावयास आईबाप उशिरा येत, म्हणून सहा बालवाड्यांत दहा मिनिटांहून अधिक उशिरास १० शेकेल दंड ठेवला. उशिरा येणाऱ्यांची संख्या घटली नाही. ती जवळजवळ दुप्पट झाली. पूर्वी उशीर करताना बाईंपुढे ओशाळवाणे वाटे. आता उशिराचे भाडे भरले, मग ओशाळावयाचे कशाला? पुढे दंड रद्द केला तरी संख्या खाली आली नाही. गायनवृंदाच्या तालमीस उशिरा येणाऱ्यांकडून दंड घ्यावा, अशी सूचना कोठल्या ना कोठल्या चर्च-समितीत दर वर्षी येते. ती मांडणाऱ्या सज्जनांनी हैफाची ही गोष्ट ऐकून मग मतास टाकावी.

आता पैशाकडे वळू. येथे विषय आमच्या अंगणात येतो.

तामिळनाडूतील विळुप्पुरम आणि तिरुवण्णामलै या जिल्ह्यांतील ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. उसाचे पीक निवडण्याचे कारण बेळगाव भागातील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. पैसा येतो तो वर्षातून एकदाच, तोडणी होऊन बिल लागले म्हणजे. त्यामुळे तोच शेतकरी वर्षाच्या एका भागात हातात पैसा असलेला, आणि दुसऱ्या भागात हात आखडलेला असा सापडतो. शिवाय कारखाना सर्वांचा ऊस एकदम उचलीत नाही. कोणाची तोडणी आधी लागते, कोणाची नंतर. म्हणून हवेचा किंवा सणासुदीचा परिणाम वेगळा काढता आला.

अभ्यासकांनी प्रत्येकाला तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर बुद्धीची तीच परीक्षा दिली: आकृत्यांची मांडणी ओळखणे आणि आकड्यांवर त्वरेने लक्ष देणे. तोडणीपूर्वी तोच शेतकरी त्या परीक्षेत मागे पडला. हाती पैसा आल्यावर पुढे आला. मधल्या काळात तो काही शिकला नव्हता, की त्याचा आहार एकाएकी सुधारला नव्हता. तोडणीपूर्वी शंभरातील ७८ जणांचे काही ना काही गहाण पडलेले होते; नंतर अवघ्या ४ जणांचे. मन सदैव एकाच विवंचनेत गुंतलेले असले की दुसऱ्या हिशेबासाठी त्यात जागा उरत नाही, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. तो किती दूरवर लागू करावा याविषयी विद्वानांत वाद झाला आणि तो वाद हिताचाच आहे. परंतु तोडणीची वाट पाहणाऱ्या घरात ज्यांनी कधी पाऊल ठेवले आहे, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

आमच्या सीमाभागात गाळप हंगाम हिवाळ्यात सुरू होतो. ऊस कारखान्यात पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि न दिल्यास वर्षाला शेकडा १५ व्याज द्यावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ठरलेले आहे. कागदावर हे चोख आहे. बिल थकल्याच्या तक्रारी मात्र हंगामामागून हंगाम ऐकू येतात. मागच्या बिलातून देणी भागवून उरलेले पैसे पावसाळ्याच्या तोंडाशी संपतात, आणि नेमक्या त्याच जून महिन्यात शाळांची फी, वह्या-पुस्तके, खते, घरावरील कौलांची डागडुजी आणि पावसाळी आजार हे सर्व एकदम दाराशी उभे राहते. अशा वेळी घरातील सोने पेटीतून निघून सोनेतारणाच्या दुकानात जाते किंवा गावातील सावकाराची पायरी चढावी लागते.

सावकार सांगतो, ‘शेकडा तीन फक्त.’ हे तीन महिन्याचे असतात, वर्षाचे नव्हेत. वीस हजारांवर महिन्याला सहाशे रुपये. सहा महिन्यांत ३,६०० रुपये व्याज गेले आणि मुद्दल जागच्या जागी. वर्षाचा हिशेब केला तर हा दर शेकडा ३६ होतो. तेच पीककर्ज किसान क्रेडिट कार्डावर घेऊन वेळेवर फेडले, तर केंद्राच्या व्याजसवलतीमुळे ते वर्षाला शेकडा ४ ने पडते. मग शहाणा शेतकरी सावकाराकडे का जातो? कारण बँकेला सात-बाराचा किंवा कर्नाटकात पहाणीचा उतारा लागतो, आधीच्या थकबाकीचा दाखला लागतो, दोन-तीन खेपा लागतात. आणि मुलाला ताप आहे तो आज रात्री. बँकेची खेप फेब्रुवारीत घालावयास हवी होती. फेब्रुवारीत हाती पैसा असतो आणि जूनची आठवण नसते; जूनमध्ये आठवण असते आणि पैसा नसतो.

एका ऊसउत्पादक धर्मबंधूंना आम्ही विचारले, ‘बिल लागले की जूनसाठी थोडे बाजूला का ठेवीत नाही?’ ते म्हणाले, ‘फादर, बिल लागलं ही बातमी बिलाच्या आधी घरी पोचते. मेहुणा येतो, चुलतभाऊ येतो, दुकानदार येतो. बाजूला ठेवायला बाजूच राहत नाही.’ या उत्तरात पुष्कळ अर्थशास्त्र आहे. ज्याच्याकडे पैसा दिसतो त्याला नाही म्हणता येत नाही; आणि आमच्या समाजात नातेवाइकाला नाही म्हणणे हे पैसे गमावण्याहून महाग पडते. अशा माणसाला उधळ्या ठरविणे सोपे आहे. ज्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर जमा होतो आणि ज्यांच्या भविष्य निर्वाह निधीची कपात पगार हाती येण्यापूर्वीच होते, त्यांनी तर हा निवाडा मुळीच करू नये. त्यांची काटकसर त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी आधीच करून ठेवलेली असते.

अडलेल्या घटकेत सापडलेल्या माणसाला उपदेशापेक्षा व्यवस्था अधिक उपयोगी पडते, हे ख्रिस्तसभेने फार पूर्वी जाणले. इटलीतील पेरुजा नगरात १४६२ साली फ्रान्सिस्कन बंधूंच्या प्रेरणेने गरिबांसाठी एक तारणपेढी उघडली गेली. वस्तू गहाण ठेवावी, अल्प रक्कम न्यावी आणि पेढीच्या खर्चापुरतेच शुल्क द्यावे, अशी तिची रीत होती. अशा पेढ्या इटलीभर पसरल्या. हे शुल्क म्हणजे निषिद्ध व्याजच होय, अशी टीका काही विद्वान डॉमिनिकनांनी केली आणि वाद बरीच वर्षे रंगला. अखेर पाचव्या लॅटरन धर्मपरिषदेत, पोप दहावे लिओ यांच्या कारकिर्दीत, १५१५ साली या पेढ्यांना स्पष्ट मान्यता मिळाली. गरीब माणूस गहाण ठेवणारच, तेव्हा त्याला शिव्या देण्यापेक्षा प्रामाणिक तारणपेढी द्यावी, असा त्या बंधूंचा विचार होता. आपल्या मराठी कॅथॉलिक समाजातही वसईला १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी सहकारी पतसंस्था स्थापिली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक होय. ती एका धर्मगुरूने काढली, याचा आम्हांस थोडासा अभिमान वाटला तर वाचकांनी तो क्षम्य समजावा.

तरीही पतसंस्था असली म्हणजे सर्व झाले असे नव्हे. पैसा हाती असतानाच तो आपल्याच हातापासून लांब कसा ठेवावा, हा प्रश्न उरतो. आमच्या गावांतील स्त्रियांनी त्याचे उत्तर कोणा प्राध्यापकास न विचारता शोधले आहे. तिचे नाव भिशी. बारा जणींनी महिन्याला हजार-हजार रुपये काढावेत आणि दर महिन्यास एकीने बारा हजार उचलावेत. व्याज नाही, नफा नाही. निव्वळ हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर, जिचा नंबर शेवटी लागतो तिने ते पैसे बँकेत ठेवले असते तर चार पैसे व्याज तरी मिळाले असते. पण बँकेतील पैसा नवऱ्याला मागता येतो, दिराला मागता येतो आणि तिचे स्वतःचे मनही तो मागते. भिशीत गेलेला पैसा कोणालाच मागता येत नाही, आणि हप्ता चुकविला तर अकरा जणींना तोंड दाखविता येत नाही. अर्थात भिशी ओळखीच्या माणसांची आणि लहानच असावी. अनोळखी माणसाने मोठ्या परताव्याचे आमिष दाखवून गोळा केलेल्या रकमेला भिशी म्हणू नये. ती निराळी वस्तू आहे आणि तिने आमच्या काही घरांतील आयुष्यभराची पुंजी नेली आहे.

भिशीतील ही युक्ती फिलिपाईन्समध्ये पारखून पाहिली गेली. मिंडानाव बेटावरील एका ग्रामीण बँकेने काही खातेदारांना एक विशेष खाते देऊ केले. खातेदाराने स्वतःच एक तारीख किंवा एक रक्कम ठरवावयाची; ती येईपर्यंत पैसे काढता येणार नाहीत. व्याज नेहमीइतकेच. ज्यांना हवी असेल त्यांना कुलूपबंद पेटीही मिळे. पेटी घरी, किल्ली बँकेत. स्वतःच्या पैशावर स्वतःच कुलूप घालून घेण्यास कोण तयार होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. शंभरात २८ जण तयार झाले. नव्हा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी २००६ साली प्रसिद्ध केले की, ज्यांना हे खाते देऊ केले त्यांची बचत वर्षभरात इतरांच्या मानाने शेकडा ८१ ने वाढली. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. आज मिळणाऱ्या पैशाचा मोह आपल्याला आवरत नाही, असे ज्या स्त्रियांच्या उत्तरांवरून दिसले होते, त्याच हे खाते उघडण्यास अधिक पुढे आल्या. स्वतःचा दुबळेपणा ज्याने ओळखला तोच किल्ली दुसऱ्याच्या हाती देतो. ख्रिस्ती विवाहातील वचन आणि संन्याशांची व्रते यांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांतही हाच शहाणपणा दिसेल. उत्साहाच्या दिवशी दिलेला शब्द निरुत्साहाच्या दिवशी आपल्याला धरून ठेवतो.

पगारदार वाचकांसाठी थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांची योजना सांगण्याजोगी आहे. आजच्या पगारातून अधिक बचत करा, असे म्हटले की कोणी ऐकत नाही. हातचे जाते असे वाटते. म्हणून त्यांनी एका अमेरिकन कंपनीतील नोकरांस विचारले की, पुढे जी वेतनवाढ होईल तिच्यातील काही भाग बचतीत घालण्याचे आजच कबूल कराल काय? बहुसंख्य लोक कबूल झाले, कारण अद्याप हाती न आलेल्या पैशाचा वियोग होत नाही. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या शेकडा साडेतीनवरून १३.६ वर गेली. इंदूर-वडोदऱ्याच्या आमच्या नोकरदार कुटुंबांनी पुढचा महागाई भत्ता लागू होण्यापूर्वी हे करून पाहावे. बँकेत एक अर्ज दिला की काम होते.

लग्नाच्या खर्चासही हाच न्याय आहे. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा दाखला प्रभूने दिला आहे. त्यातील ‘आधी’ आणि ‘बसून’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. आमच्याकडे खर्चाचा विचार बहुधा उभ्याने, दुकानाच्या फळीपाशी आणि सोबत दोन्हीकडची वडीलधारी माणसे असताना होतो. एकदा हॉलचे दोन लाख ठरले की बँडचे तीस हजार किरकोळ वाटतात आणि केकचे आठ हजार तर दिसतही नाहीत. कोथिंबीर आणि सोन्याचाच हा खेळ, फक्त मोठ्या प्रमाणावर. म्हणून लग्नाची सूचना चर्चमध्ये वाचली जाण्यापूर्वी दोन्ही घरांनी एका संध्याकाळी बसून एकूण आकडा कागदावर लिहावा आणि तो कागद घरातील एका शब्दाच्या माणसाकडे, बहुधा मोठ्या काकांकडे किंवा आत्याबाईंकडे, ठेवावा. पुढे कोणी ‘एवढ्याने काय होते’ म्हटले की कागद बाहेर काढावा. धर्मगुरूकडे ठेवला तरी चालेल, पण आत्याबाईंचा धाक अधिक.

धर्मग्रामाच्या व्यवस्थेतही एवढा विचार होणे इष्ट आहे. फेस्ताची वर्गणी, धर्मशिक्षणाच्या पुस्तकांचे पैसे आणि इमारत निधीचा हप्ता यांच्या तारखा पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे पडून गेलेल्या आहेत. त्या कोणी, कोणत्या काळी, कोणते पीक पाहून ठरविल्या हे आता कोणास सांगता येत नाही. उसाच्या गावात या तारखा बिल लागण्याच्या सुमारास आणाव्यात, पगारदारांच्या वस्तीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि काजू-आंब्याच्या मुलखात तो माल विकला गेल्यावर. जूनमध्ये काहीही मागू नये. पतसंस्था असेल तर तिच्या मंडळींनी फेब्रुवारीत, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात टेबल मांडून, जूनच्या फीसाठी कुलूपबंद खाती उघडून द्यावीत. फॉर्म भरावयास शाळेतली मुले मदत करतील. आणि ज्या घरातून वर्गणी आली नाही त्यांची नावे फलकावर लावण्याची रीत जेथे अद्याप असेल, तेथे ती नावे लिहिण्यापूर्वी समितीने त्या घराच्या उसाची तोडणी झाली आहे की नाही, एवढे विचारून घ्यावे.